मामांचं जाकीट

परवा सांगलीला मामांकडे गेलो होतो. सकाळी त्यांच्याबरोबर जिममध्ये डोकावलो, आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. (मामा, ताई तुम्हाला हे वाचून दाखवणारच. रागावू नका!)

मामांचं वय ६२, वजन ८० किलो, बीपीची गोळी रोजची. ट्रेडमिलवर चालताना अंगात ८ किलोचं वजनाचं जाकीट, घोट्यांना किलो-किलोचे पट्टे, आणि दोन्ही हातांनी पुढचा दांडा घट्ट धरलेला. म्हणजे ओझं अंगावर घ्यायचं आणि दांड्यावर टाकायचं! तिथला पोरगा म्हणतो, "काका, डबल फॅट जळतंय."

डबल? जरा हिशेब करू या. धडावर स्वतःच्या वजनाच्या १० टक्के ओझं घेतलं, तर सपाटीवर चालताना ऑक्सिजनही साधारण तेवढाच जास्त लागतो, दहाएक टक्के. ताशी ५ किलोमीटरच्या चालीत मशीनचा चढ फक्त १ टक्का केला तरी जवळपास तेवढाच फरक पडतो. ३ टक्के केला तर एक तृतीयांशाहून जास्त. एक बटण दाबायचं, बस्स. गुडघ्यांवर वरचे ८ किलो नकोत.

पट्ट्यांची गोष्ट वेगळी. १९६९ साली अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी मोजलं होतं : पावलावर बांधलेला एक किलो धडावरच्या चार ते सहा किलोंइतका महाग पडतो, कारण तो प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावा लागतो. घोट्यावर थोडा कमी, पण ओढ गुडघ्याला बसतेच. जवानांनी, खेळाडूंनी हळूहळू वाढवत वापरावं की. बासष्टीत पहिल्याच आठवड्यात?

आणि मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मामा धापा टाकत पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, नाडी १०५ च!" अहो मामा, तुमची गोळी बीटा ब्लॉकर आहे. ती नाडीला लगामच घालते. हृदयावर किती ताण आहे ते त्या आकड्यावरून कसं कळणार? वाक्य पुरं बोलता येत नव्हतं तुम्हाला, तो आकडा खरा. कॅलरीचंही तेच. मशीनला ना जाकीट दिसतं, ना दांडा धरलेले हात.

मामांचं उत्तर तयार होतं. "आमच्या तालमीत गळ्यात दगडी कडं घालून बैठका मारायचे." मारायचे ना! पण पोरवयापासून, वस्तादाच्या नजरेखाली. आणि संध्याकाळी दूध-बदाम, बीपीची गोळी नव्हे :)

"तुम्हा सातारकरांना अजिंक्यतारा आहे, यवतेश्वरचा घाट आहे. आमच्या सांगलीत चढ कुठला?" हे मात्र पटलं. पण तो चढ त्या बटणातच आहे, मामा.

असो. डॉक्टरांना विचारून येत्या रविवारी साताऱ्याला या. किल्ल्याच्या रस्त्यानं झेपेल तेवढं चढू, गप्पा मारत. बोलणं तुटलं की थांबू. जाकीट सांगलीतच ठेवा.