आफ्रिकन सिक्लिड : आधी स्वभाव ओळखा, मग मासे आणा



घरात मासे पाळायचे म्हटले की मुलांची नजर हल्ली पिवळ्याधमक आणि निळ्याजर्द माशांवर जाते. समुद्रातले वाटावेत असे हे मासे गोड्या पाण्यातले आहेत. त्यांना आफ्रिकन सिक्लिड म्हणतात. दुकानात ते एकाच टाकीत दाटीने फिरताना दिसतात, म्हणून आपण रंग पाहून एकेक, दोन-दोन उचलतो. काही दिवसांतच कुणाची शेपटी कुरतडलेली दिसते, कुणी कोपऱ्यात मरून पडतो. पैसा जातो, मुक्या जिवाचे हाल होतात आणि मुले हिरमुसतात. हे टाळता येते.

यातले बरेचसे मासे मूळचे मलावी सरोवरातले. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांना लागून असलेले हे सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल आहे. किनाऱ्यालगतच्या खडकांत राहणाऱ्या जातींना तिथे ‘म्बुना’ म्हणतात. खडकावरचे शेवाळ खरवडून हे मासे पोट भरतात. प्रत्येक नर आपली कपार राखतो आणि आपल्याच रंगाच्या दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. सरोवरात हरलेला मासा लांब पळून जातो. काचेच्या टाकीत तो पळणार कुठे?

म्हणून एक नर, एक मादी अशी जोडी आणू नये. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात, म्हणजे त्याचा जाच एकीलाच सोसावा लागत नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. तिच्यात तीन जातींचे मिळून १२ ते १५ मासे पुरेत. दोन-चारच ठेवले तर सगळा मार दुबळ्याला बसतो. थोडी दाटी असली की तो वाटला जातो. तिन्ही जाती वेगवेगळ्या रंगांच्या घ्याव्यात. ‘यलो लॅब’ त्यातल्या त्यात शांत. पट्ट्यांचा ‘ऑरॅटस’ देखणा, पण फार मारकुटा. नवख्याने तो घेऊ नये.

लहानपणी नर-मादी ओळखणे कठीण असते. तेव्हा एकेका जातीची पाच-सहा पिल्ले आणावीत आणि जादा नर पुढे परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारून ठेवावे. सगळी पिल्ले शक्यतो एकाच वेळी सोडावीत. आधी आलेला मासा जागेचा मालक होऊन बसतो.

मासे येण्यापूर्वी महिना-दीड महिना टाकी तयार करावी लागते. माशांच्या घाणीतून अमोनिया हे विष तयार होते. ते पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला वेळ लागतो. या माशांना साबणाला फेस न येणारे जड पाणी मानवते, पण अशा पाण्यात अमोनिया जास्तच घातक ठरतो. म्हणून घाई नको. पाणी मऊ असेल तर तळाशी शिंपल्यांचा चुरा घालावा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन औषध घालून काढावे आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. दगडांच्या कपारी भरपूर कराव्यात. दगड आधी तळावर पक्के बसवून मग वाळू घालावी, कारण हे मासे वाळू उकरतात आणि दगड घसरून काच फुटू शकते.

खाणे स्पिरुलिनाचे द्यावे, तेही थोडे. मांसाचे तुकडे देऊ नयेत. पोट फुगून मासे दगावतात.

मादी अंडी तोंडात धरते आणि जवळजवळ तीन आठवडे उपाशी राहून पिल्ले वाढवते. मुलांना हे जरूर दाखवावे.

आता जागेचे. या टाकीत नुसते पाणीच २५० किलोचे होते. काच आणि दगड वेगळे. चाळीतल्या लाकडी जमिनीवर ती ठेवू नये. एका खोलीच्या संसारात एवढी टाकी जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, आणि दोन फुटी टाकीत म्बुनाही कोंबू नका. टांगानिका सरोवरात रिकाम्या शंखांत राहणारे दीड-दोन इंची सिक्लिड असतात. ते मिळाले तर दोन फुटी टाकीत सुखाने नांदतात. नाहीतर आपले गप्पी आहेतच.

शेवटी एक विनंती. नकोसे झालेले मासे विहिरीत किंवा तलावात सोडू नका. बाजारात मिळणारी चिलापी हीसुद्धा आफ्रिकन सिक्लिडच. मोझांबिकची चिलापी १९५२ मध्ये आपल्या देशात आणली गेली आणि आज ती कितीतरी तलावांत पसरून तिथल्या मूळ माशांच्या वाट्याचे खाते. आणलेला जीव सांभाळता येत नसेल तर तो सांभाळणाऱ्याच्या हाती द्यावा.