सुई टोचली, पुढे काय?

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात घरी बसून जीन्सचे धागे कापणारी एक बाई गेल्या वर्षी माझ्याकडे आली. दोन वर्षं तिचं डोकं दुखत होतं. नवरा म्हणे, कामाची टाळाटाळ. सासू म्हणे, नजर लागली. दवाखान्यात आधी गोळ्या मिळाल्या, मग चष्मा. शेवटी फिट आली तेव्हा एमआरआय झाला. मेंदूच्या आवरणाला गाठ निघाली, मेनिन्जिओमा. कर्करोग नव्हे, हळूहळू वाढणारी साधी गाठ. पण कवटीच्या आत जागा ती केवढी? साधी गाठही दृष्टी घेऊ शकते.

तिच्या जाडजूड फायलीत एक गोष्ट कुठेच नव्हती. ती पाच वर्षं दर तीन महिन्यांनी 'अंतरा'ची सुई घेत होती. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

सुईमुळेच गाठ झाली असं मी म्हणत नाही. एका बाईबद्दल तसं कुणीच ठामपणे सांगू शकणार नाही. ही गाठ मुळातच पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे दुप्पट आढळते. पण मार्च २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं फ्रान्समधला एक अभ्यास छापला. त्यात या गाठीची शस्त्रक्रिया झालेल्या १८,०६१ बायकांची तुलना इतर बायकांशी केली होती. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची सुई वर्षभर किंवा जास्त घेणाऱ्यांत हा धोका साडेपाच पट निघाला. 'अंतरा'त हेच औषध आहे. मूळ धोका फार थोडा, त्यामुळे साडेपाच पटही थोडाच. आणि अभ्यासात ही सुई घेणाऱ्या बायका मोजक्याच होत्या. तरीही त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनी बजावलं, की ही गाठ असलेल्या किंवा पूर्वी झालेल्या बाईला गर्भनिरोधक म्हणून ही सुई देऊ नये.

मग आपल्या बाईला हे कोण सांगणार?

१९८६ साली हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतर गट नेट-एन सुईविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हाही प्रश्न हाच होता : पूर्ण माहितीविना घेतलेली संमती ही संमती का? २०१७ मध्ये 'अंतरा' सुरू झाली, पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. 'बायकांनाच ही सुई हवी आहे,' असं आम्हाला ऐकवलं जातं. खरं आहे. नवरा निरोध वापरत नाही, म्हणून हवी आहे! सुई बंद करा, ही माझी मागणी नाही. पण बाईची गरज म्हणजे तिला अंधारात ठेवण्याचा परवाना नव्हे.

लहान, त्रास न देणारी गाठ कापत नाहीत. ठराविक काळानं एमआरआय करून लक्ष ठेवतात. वाढली, दाबू लागली तर शस्त्रक्रिया, कधी रेडिएशन. बदलापूरच्या बाईसाठी 'लक्ष ठेवू' याचा अर्थ काय? पहाटेची लोकल, शीव नाहीतर परळ, बुडालेला रोज, घरी पोरं. दोन खेपांनंतर ती जाणंच सोडते. मग आपण म्हणतो, बाई निष्काळजी!

मागण्या साध्या आहेत. सुईच्या प्रत्येक खेपेला डोकेदुखी, नजर आणि फिट यांबद्दल विचारा आणि कार्डावर लिहा. मेंदूच्या तपासणीत बाईनं कोणती संप्रेरकं घेतली, हे विचारा. एमआरआय मोफत आणि घराजवळ द्या.

आणि मैत्रिणींनो, घाबरून सुई मध्येच सोडू नका. आधी दुसरं साधन ठरवा. पण पुढच्या खेपेला कार्ड पुढे करून विचारा : या सुईबद्दल मला काय काय सांगायचं राहिलंय?