पोलिसांची गाडी नकाशावर दिसते. पण वारीत ती पोहोचणार कशी?

११२ डायल केला की फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात लागतो. तिथून माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे, म्हणजे पंढरपूरसाठी सोलापूर ग्रामीण पोलिसांकडे जाते आणि जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर कॉल येतो. 'जवळची' गाडी कोणती, हे ठरते ऑटोमॅटिक व्हेइकल लोकेशन, म्हणजेच एव्हीएल या तंत्रज्ञानावरून.

उपग्रह गाडीवर नजर ठेवतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. उपग्रह फक्त वेळेचे संकेत पाठवतो. त्यावरून जागा काढते गाडीतले यंत्र आणि ती कक्षाला कळवते मोबाइल नेटवर्कवरून.

मोकळ्या आकाशाखाली जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असते. मंदिराभोवतीच्या अरुंद गल्ल्यांत चूक वाढते, तरी चौक कळतो. खरी अडचण नेटवर्कची. आषाढीला लाखो वारकरी, जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाइल. टॉवरवर सर्वाधिक ताण येतो तो पोलिसांना नेटवर्क सर्वात जास्त हवे तेव्हाच.

प्रवासी वाहनांसाठीच्या एआयएस-१४० मानकात यावर एक सोय आहे. नेटवर्क नसेल तर यंत्र नोंदी साठवते आणि नंतर पाठवते. नंतरच्या चौकशीला हे उपयोगी. आत्ता गाडी धाडायची तर निरुपयोगी. म्हणून पोलिसांच्या वायरलेसवरून जागा कळवणारा दुसरा मार्ग हवाच. एका नोंदीला मोजकेच बाइट लागतात, त्यामुळे ते शक्य आहे.

किती सेकंदांनी नोंद यावी? ताशी ६० किमी वेगाने गाडी मिनिटाला १ किमी जाते. महामार्गावर १० सेकंदही जास्त वाटतील. वारीच्या गर्दीत मिनिटाला एक नोंद पुरेल. त्यामुळे हा आकडा कक्षातून बदलता आला पाहिजे.

आता नकाशा. चंद्रभागेपलीकडे ६५ एकरांत उभी गाडी घाटावरच्या माणसापासून सरळ रेषेत जवळच दिसते. पण मध्ये नदी आहे. उजनीतून मोठा विसर्ग झाला की जुना दगडी पूल पाण्याखाली जातो, मग नव्या पुलाचा वळसा. वारीत काही रस्ते वाहनांना बंदच असतात. पूल किंवा रस्ता 'बंद' अशी नोंद कक्षातल्या हवालदाराला लगेच करता येत नसेल, तर सॉफ्टवेअर कितीही महाग असो, चुकीचीच गाडी सुचवणार.

आणि प्रदक्षिणा मार्गावर तर सर्वात जवळचा पोलीस बहुधा पायीच असतो. त्याच्या हातातल्या वॉकीटॉकीची जागाही याच नकाशावर दिसते का, हे निविदा उघडण्याआधी विचारायला हवे.