स्वस्त शहर कोणाचें ?

शालान्त परीक्षा संपली कीं न्हावरें व आसपासच्या गांवांत एकच प्रश्न निघतो : पुढें पुण्यास कीं मुंबईस ? वडील मंडळींचा कौल बहुधा पुण्याकडे पडतो. पुणें जवळ, हवा बरी आणि खर्च थोडा, असें त्यांचें म्हणणें. या म्हणण्यास मोठमोठ्या याद्यांचाहि आधार आहे. मर्सर कंपनीच्या २०२४ सालच्या महागाईच्या यादींत सव्वादोनशेंवर शहरांत मुंबईचा क्रमांक १३६ वा, तर पुण्याचा २०५ वा लागला. म्हणजे पुणें पुष्कळच स्वस्त. केंद्र सरकारनें २०१८ सालीं १११ शहरांतील राहणीमान तपासलें, त्यांतहि पुणें पहिलें आलें व मुंबई तिसरी.

प्रस्तुत लेखकास हा कौल निमूटपणें मान्य करवत नाहीं. मर्सरची यादी परदेशांतून नेमणुकीवर येणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठीं केलेली असते. त्यांच्या दारीं मोटार उभी असते. उसाच्या फडांत राबणाऱ्या बापाचा मुलगा चौघांत एक खोली घेऊन राहतो, त्याचा हिशेब तींत कोठून येणार ?

खोलीचें भाडें पुण्यांत कमी, हें खरें. मुंबईस जाणाऱ्यानें तेवढ्या पैशांत कल्याण किंवा विरार गांठावें. परंतु विरारच्या मुलास थेट चर्चगेटपर्यंत नेणारी लोकल आहे; तिचें किमान तिकीट २०२५ सालींहि पांच रुपयेच होतें, आणि महिन्याचा पास काढणाऱ्यास तर प्रवासखर्च फारसा जाणवत नाहीं. पुण्यांत मात्र दुचाकीवांचून पान हालत नाहीं. २०१८ सालीं तेथील वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढें गेली ! मेट्रो २०२२ च्या मार्चांत धावूं लागली, पण शहराच्या मोठ्या भागास ती अद्याप परकीच आहे. म्हणून भाड्यांत वांचलेले पैसे गाडीचा हप्ता आणि पेट्रोल यांत जातात, आणि वेळ जातो तो वेगळाच. टॉमटॉमच्या पाहणीप्रमाणें २०२४ सालीं पुण्यांत दहा किलोमीटर जाण्यास सरासरी ३३ मिनिटें २२ सेकंद लागले. जगांत त्याहून मंद अशीं तीनच शहरें निघालीं. आणि हें म्हणे सायकलींचें शहर !

मुंबईचा गौरव करण्याचा येथें हेतु नाहीं. त्याच लोकलच्या मार्गांवर २०२३ सालीं अडीच हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. हा खर्च कोणत्या रकान्यांत मांडावा ? आईबाप मुलास तिकडे धाडण्यास भितात, तें उगीच नव्हे.

पुण्याच्या स्वस्ताईचा एक वांटा आमच्याहि पदरीं येतो. त्या शहरानें वापरलेलें पाणी, पुरतें शुद्ध न होतां, मुळा-मुठेंतून वाहत येऊन आपल्याच शिरूर तालुक्यांत रांजणगांव सांडस येथें भीमेस मिळतें. नदीकांठच्या माणसास पुण्याचा मुक्काम घडो वा न घडो, बिल भरावेंच लागतें.

माझ्यापुरतें विचाराल तर, ज्यास महाविद्यालयापासून पायीं जाण्याच्या अंतरावर खोली मिळते, त्यानें खुशाल पुणें धरावें. ज्यास रोज शहर ओलांडावयाचें आहे आणि घरीं गाडी घेण्याची ऐपत नाहीं, त्याच्या वडिलांनीं मुंबईचा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा; खोलीच्या भाड्याचा आंकडा दिसतांच कागद फाडूं नये.