तापलेला संगणक आणि विखुरलेली हमी

लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणून खेळांसाठी संगणक जुळवण्याची हौस गिरगावापासून लालबागपर्यंतच्या तरुणांत रुजली आहे. चार पैसे वाचतात, हाताला कसबही येते. म्हणून ती कौतुकास्पदच होय. परंतु मे महिना उजाडला की तेच यंत्र खेळाच्या मध्यावर अडखळते, नाही तर बंद पडते, आणि बेताच्या मिळकतीतून आणखी एक नवा भाग विकत घेतला जातो. हा खर्च पुष्कळदा अनाठायी असतो.

कारण साधे आहे. पंख्याच्या हवेवर निवणारे यंत्र खोलीतील हवेहून थंड होऊ शकत नाही. बावीस अंशांच्या दालनात ज्याची परीक्षा झाली, तो प्रोसेसर ३३ अंशांच्या खोलीत सुमारे दहा अंश अधिक तापणारच. शिवाय यंत्राने ओढलेली ४०० वॅट वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरते. बीडीडी चाळींतील मूळ खोली अवघी १६० चौरस फुटांची. तीत विजेची छोटी शेगडी पेटती ठेवण्यासारखेच हे झाले! १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ वेग उतरवतो. तेवढ्याने न भागल्यास बंद पडतो.

तेव्हा दुकानाकडे धावण्यापूर्वी तापमान मोजावे. ते चढत असेल, तर धूळ झाडावी, कॅबिनेट भिंतीपासून सरकवावे, वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. तापमान बेताचे असूनही यंत्र कोसळत असेल, तर वाढवलेला वेग पूर्ववत करावा आणि रॅमची एकेक पट्टी तपासावी. भार पडताच यंत्र एकाएकी बंद होत असेल, तर पॉवर सप्लायवर संशय घ्यावा.

तथापि सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नव्हे. मालाचे गुणदोष विक्रेत्यालाच ठाऊक असले, म्हणजे बाजारात हिणकस मालाचे फावते, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. येथे तर प्रत्येक भागाची हमी निराळी. संपूर्ण यंत्राची जबाबदारी कोणाचीच नाही. जो दुकानदार मोबदला घेऊन यंत्र जुळवून देतो, त्याने ते तासभर पूर्ण भारावर चालवून तापमानाची नोंद बिलावर लिहून द्यावी. नफा तुटपुंजा असल्याची सबब पुढे येईल. पण तासाभराच्या या श्रमानेच सचोटीचा दुकानदार इतरांहून वेगळा ओळखू येईल; आणि गिऱ्हाईक त्याच्याच पायरीवर पुन्हा येईल.