गोझो पुन्हा वसले ते कशावर?

जुलै 1551 मध्ये सिनान पाशा आणि तुर्गुत रईस यांच्या ऑटोमन आरमाराने माल्टाशेजारच्या गोझो बेटावरचा किल्ला काही दिवसांच्या तोफमाऱ्यानंतर घेतला आणि पाच-सहा हजार माणसे, म्हणजे जवळजवळ सारे बेट, गुलाम करून त्रिपोलीकडे नेले. मागे राहिले मोजके म्हातारे आणि दोरांनी तटावरून उतरून निसटलेले लोक. बेट पुन्हा नांदते झाले याचे श्रेय सहसा माणसाच्या चिवटपणाला दिले जाते. मला ते भाबडे वाटते. चिवट माणसालाही नांगर धरण्याआधी शेत कोणाचे हे ठाऊक लागते. इथे मालक जिवंत असू शकत होता, पण परक्या बाजारात विकलेला. खंडणी भरून सुटलेले थोडे परतलेही. म्हणून वारसा, खंड आणि ताबा यांचा निवाडा करणारी नोटरीची दप्तरे मला इथे तटबंदीइतकीच महत्त्वाची वाटतात.

खरा प्रश्न सुरक्षिततेचा होता, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही: 1637 पर्यंत गोझोवासीयांना रात्री किल्ल्यात मुक्काम करण्याची सक्ती होती. पण माल्टातून कुटुंबे येऊन राहू लागली ती धोका टळण्याची वाट न पाहता. भीती होतीच, जमीन मिळण्याची आशा तिच्यावर मात करत होती. राज्यकर्त्या सेंट जॉनच्या सरदारांनाही फार श्रेय नको. 1530 पासून बेट त्यांच्या ताब्यात होते, तरी ते राखता आले नाही; आणि त्यांची स्वतःची गलबते मुस्लिम कैदी पकडून वल्ह्यांना जुंपतच होती.