पीएचडीच्या विद्यार्थ्याला दुसरा मार्गदर्शक हवा

समजा, बालसंरक्षणावर पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी बालगृहात मुलाखती घेते आहे. प्रश्न साधे आहेत, शाळेचे, जेवणाचे, झोपेचे. अकरा वर्षांची मुलगी मध्येच सांगून टाकते, की घरी असताना एक नातेवाईक तिला त्रास देत असे. वर म्हणते, ‘ताई, कुणाला सांगू नका.’ संमतीपत्रावर गोपनीयतेची हमी छापलेली आहे. पॉक्सो कायद्याचे कलम १९ मात्र सांगते, की अशी माहिती ज्याला मिळेल त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संशोधक त्याला अपवाद नाही.

सरकारी रुग्णालयात अशा वेळी काय करायचे हे ठरलेले असते. बालरोगतज्ज्ञ असतात, समाजसेवा अधीक्षक असतात, पोलिसांना कळवण्याची रीत असते. या विद्यार्थिनीकडे असतो तो विद्यापीठातल्या गाइडचा फोन नंबर. गाइड संख्याशास्त्रात निष्णात असतील, पण त्यांनी बाल कल्याण समितीची बैठक कधी पाहिलेली असेलच असे नाही.

अमेरिकेत डॉरिस ड्यूक यांच्या नावाची एक फेलोशिप शिकागो विद्यापीठातील चॅपिन हॉल या संस्थेमार्फत चालवली गेली. मुलांवरील अत्याचार आणि हेळसांड टाळण्यावर काम करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी ती होती. २०११ मध्ये पहिली तुकडी निवडली गेली. दोन वर्षे विद्यावेतन मिळे. पण खरी गोष्ट वेगळीच होती. प्रत्येकाला दोन मार्गदर्शक घ्यावे लागत, एक विद्यापीठातला आणि दुसरा धोरण किंवा प्रत्यक्ष सेवेतला. समाजकार्य, मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी एकमेकांशी जोडलेले राहत. या विषयाची ही जुनीच गरज आहे. १९६२ मध्ये मारहाण झालेल्या मुलांवरचा हेन्री केम्पे यांचा गाजलेला निबंध आला, तेव्हा त्या बालरोगतज्ज्ञाच्या जोडीला मनोविकारतज्ज्ञ आणि क्ष-किरणतज्ज्ञही होते.

आपल्याकडे पैशाचे चित्र अगदीच वाईट नाही. यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये झाली. पण सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षे मिळतात वर्षाला १० हजार. त्यात तालुक्याच्या किती फेऱ्या होणार? मुलाखती कागदावर उतरवून घेणे, भिली किंवा गोंडी बोलणारा दुभाषी हे दूरच. त्याच मुलांना दोन वर्षांनी पुन्हा भेटणे तर परवडतच नाही, आणि बालकल्याणात नेमके तेच हवे असते. मग विषय सोपा होतो: ‘बालहक्कांविषयी शिक्षकांची जागरूकता’, शंभर प्रश्नावल्या, तीन तक्ते. अशा प्रबंधांनी एकाही मुलाचे काही बदलत नाही.

परवानग्यांना वेळ लागतो, ही तक्रार मात्र अर्धीच खरी. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करते आणि ते योग्यच आहे. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही मागतात. पालकच नसलेल्या मुलासाठी सही कोणाची घ्यायची, याचे उत्तर ग्रंथालयात मिळत नाही. ते समितीत वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाकडे असते.

असा माणूस दुसरा मार्गदर्शक म्हणून रीतसर नेमावा. पीएचडी नसली तरी चालेल. त्याला मानधन द्यावे आणि हा वेळ कामाचा धरावा. मेहेरबानी म्हणून मागू नये. वर्ग आणि क्षेत्र यांची सांगड इथे नवी नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्याच प्रकल्पातून सुरू झाली. महिला व बाल विकास आयुक्तालयाने आणि एखाद्या विद्यापीठाने मिळून पाच जागांपासून सुरुवात केली तरी पुरे.

एक धोका आहेच. यंत्रणेतला मार्गदर्शक यंत्रणेचे दोष झाकायला सांगू शकतो. म्हणून मुलाच्या सुरक्षिततेबाबत त्याचा शब्द अंतिम असावा, निष्कर्षांबाबत नसावा. आणि प्रबंध छापण्यापूर्वी खात्याची मंजुरी लागेल, अशी अट करारात कुठेही असू नये.